दोघांपुरती वाट

विमानं छोटी आणि मोठी अशी नसतात हो! तीस वर्षं मी हे लोकांना समजावत आले आणि तीस वर्षं लोक मान डोलावून पुन्हा तेच म्हणत आले. विमान ओळखायचं ते आतल्या वाटांवरून. आत एकच वाट असेल तर ते सडपातळ विमान, दोन असतील तर रुंद. आम्ही केबिन क्रूमधल्या मराठी मुली रुंद विमानाला 'थोरली' म्हणायचो आणि सडपातळ विमानाला 'धाकटी'. थोरली म्हणजे थोरल्या जावेसारखी ऐसपैस. तिच्याकडे एखादा रुसून मध्येच उभा राहिला तरी बाकीचे दुसऱ्या बाजूनं जातात, कुणाचं काही अडत नाही. धाकटी चपळ, टापटीप आणि काटकसरी. पण तिच्या घरात एक माणूस वाटेत उभा राहिला की सगळं घर अडतं.

मी शैलजा धोटे. माझी बहुतेक नोकरी थोरलीवर गेली. मुंबईहून न्यूयॉर्क, मुंबईहून लंडन, असं. माझा नवरा लवकर गेला, मुलगा कैवल्य माझ्या बहिणीकडे नागपुरात वाढला. दर महिन्याला मी यायची, चार दिवस राहायची आणि निघायची. निघताना मागे वळून बघायचं नाही हा माझा नियम होता. गॅलरीत तो उभा असायचा, मला ठाऊक असायचं. पण वळून बघितलं असतं तर रिक्षात बसवलं नसतं मला.

उडणं संपलं तेव्हा मी नागपूरला परत आले आणि बुटीबोरीच्या पुढे नव्यानं उभ्या राहिलेल्या 'वैनतेय' कंपनीत केबिन सुरक्षेची प्रमुख झाले. कैवल्य तिथेच गणिताच्या विभागात होता. कँटीनमधले लोक आम्हाला 'मायलेक प्रायव्हेट लिमिटेड' म्हणायचे. म्हणोत बापडे.

वैनतेयनं जे विमान बनवलं त्यानं थोरलीचं राज्य बुडवलं. ते कसं, हे थोडं सांगायला हवं. लांब जायचं म्हणजे इंधन फार लागतं. इंधन वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की पंख मोठे, पंख मोठे की इंजिनं मोठी, आणि एवढा डोलारा हवेतून न्यायचा तर भाडं निघायला माणसंही जास्त हवीत. म्हणून शरीर रुंद. ओळीत नऊ-दहा माणसं बसवायची तर वाटाही दोन लागतात, कारण वाटेवर यायला कुणालाही दोघांपेक्षा जास्त शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडावे लागू नयेत, असा नियम आहे. थोरली लठ्ठ होती ती हौसेनं नव्हे, लांबच्या प्रवासापायी.

वैनतेयच्या पोरांनी पंखच बदलला. उडताना पंखाला लागून वाहणारी हवा सुरुवातीला शहाण्यासारखी, थराथरानं वाहते. थोडं मागे गेली की तिचा गोंधळ होतो, बारीक भोवरे उठतात, आणि तेच विमानाला मागे ओढतात. नव्या पंखाच्या कातडीला केसाहून बारीक भोकं होती. गोंधळ सुरू व्हायच्या आतच हवेचा तळातला थर ती शोषून घ्यायची. पंखही पट्टीसारखे अरुंद आणि लांबच लांब, खालून तिरक्या टेकूवर पेललेले, विमानतळावर टोकं दुमडून उभे राहणारे. इंधनाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे ओळीत सहाच माणसं, मध्ये एकच वाट, आणि तरीही नागपूरहून टोरांटो, मध्ये कुठेही न थांबता! कारखान्यातल्या लोकांनी त्या लांब बारीक विमानाचं नाव ठेवलं अगरबत्ती. जगभरच्या कंपन्या तिच्यासाठी मागणी नोंदवून थोरल्या मोडीत काढायला लागल्या.

अगरबत्ती प्रवासी घेऊन उडायची तेवढी बाकी होती. आणि ती उडण्याआधी, प्रवासी आतून वेळेत बाहेर पडू शकतात असं सांगणाऱ्या कागदावर माझी सही लागणार होती.

* * *

त्या रविवारी सकाळी कैवल्य तर्री-पोहे खात टेबलाशी बसला होता आणि पुढच्या पडद्यावर ठिपके पळत होते.

पूर्वी नवं विमान तयार झालं की त्यात खरी माणसं भरायचे, दिवे घालवायचे, निम्मी दारं बंद ठेवायचे आणि नव्वद सेकंदांत सगळे बाहेर येतात का ते बघायचे. त्यात कुणाचा पाय मोडायचा, कुणाचा मणका दुखावायचा. म्हणून आता ते संगणकात करायची मुभा मिळाली होती. कैवल्यच्या प्रणालीत प्रत्येक प्रवासी म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला वय होतं, वजन होतं, गुडघेदुखी होती, अंधाराची भीतीसुद्धा होती. जगभरच्या अपघातांच्या नोंदी वाचून त्यानं ती सगळी बेतली होती. पोरगा हुशार आहे माझा, त्यात वाद नाही.

"सत्याहत्तर सेकंद," तो म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

मी बघत होते. ठिपके कसे सरळ दाराकडे पळत होते. एकही वळत नव्हता.

"तुझ्या ठिपक्यांना आया नाहीत का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आया, बाप, आत्या, लेकरं. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही."

"आहे ना आई तेही. सोबत्यासाठी दोन टक्के लोक थांबतात. धरलंय मी."

"हे दोन टक्के कुठल्या विमानांतले?"

त्यानं नोंदी वर सरकवून बघितल्या. "बहुतेक रुंदच. लांब पल्ल्याचे."

"थोरलीत थांबलेला माणूस कुणाला दिसत नाही. मागचे दुसऱ्या वाटेनं निघून जातात, म्हणून तो एकटाच मोजला जातो. धाकटीत एक थांबला तर त्याच्या मागे वीस थांबतील."

"थांबणार नाहीत. जिवावर बेततं तेव्हा माणूस फक्त पुढे बघतो." मग त्यानं मला चिमटा काढला. "तू तीस वर्षांत असं विमान किती वेळा रिकामं केलंस?"

"एकदाही नाही."

"मग तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत आणि तुलाही नाही माहीत. म्हणून खरी माणसं बसवून बघू. आणि सुटी माणसं नकोत, घरंच्या घरं बोलवायची."

"मॅडम ओरडतील."

"ओरडू देत. त्यांना माझी सही हवीय."

मॅडम म्हणजे निशिगंधा राजवाडे, आमच्या कंपनीच्या सर्वेसर्वा. त्या ओरडल्या, पण तालमीला हो म्हणाल्या.

* * *

तालमीची जाहिरात दिली आणि काटोलहून माधोराव काळमेघ सगळं खटलं घेऊन आले. संत्र्यांचे व्यापारी, पन्नाशीचे, गडगडाटी आवाज. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधी सगळ्यांना एकदा विमानात बसवून आणावं, मग भले ते हँगरमध्येच उभं का असेना, असा त्यांचा विचार. काळमेघांचीच चाळीसेक माणसं. बाकी अमरावती, वर्धा, उमरेड इथली कुटुंबं. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि सत्तरीच्या पुढच्यांना बाजूला बसवलं. माधोरावांच्या अंबुआत्या अजून सत्तरीच्या आत, म्हणून राहिल्या.

ऐन वेळी काही जण आलेच नाहीत. ही घरातलीच तालीम, सरकारी नियामकांसमोरची खरी चाचणी नव्हे, म्हणून रिकाम्या सीटांवर आम्हीच बसलो. साठीकडे झुकलेल्या बाया कमी पडत होत्या, मला अगदी मागच्या ओळींत बसवलं. कैवल्य पुढच्या दारापासून चार ओळींवर.

"दहा सेकंदांत बाहेर असेन मी," जाता जाता तो म्हणाला. "बाहेर चहा घेऊन उभा राहतो."

दिवे गेले. मागची दारं बंद ठेवली होती, उघडायची तिन्ही पुढच्या भागात. जमिनीवरची हिरवी पट्टी तेवढी उजळली. दारं उघडल्याचा, घसरगुंड्या फुगल्याचा आवाज झाला आणि माझीच शिकवलेली ऋजुता पुढच्या दारातून ओरडायला लागली, "या इकडे! सामान सोडा! उडी मारा!" काय तो आवाज! ऊर भरून आला माझा.

पहिली तीस-चाळीस माणसं सुरेख निघाली. आणि मग मधोमध माधोराव वाटेत उभे राहिले.

"अंबुआत्या कुठं हाय? ए, आत्याबाईले पाह्यलं का कोनी?"

"म्या मांगं हाव रे!" मागून आवाज आला. "पोराईले जाऊ दे आंधी!"

"आंधी तू ये! तुले सोडून कसा जाऊ बावा!"

आता मजा बघा. त्यांच्या मागे चांगली तीन डझन माणसं होती. धक्का मारून पुढे जायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. वडीलधारा माणूस आत्यासाठी थांबलाय, त्याला ढकलायचं कसं? सगळे खांद्याला खांदा लावून अदबीनं उभे. एक सूनबाई तर अंधारात म्हणाली, "आत्याबाई, सावकाश या हं." आग लागली असती तर ही सगळी सज्जन माणसं जागच्या जागी सज्जनपणे मेली असती.

थोरलीत हे बाजूनं वाहून गेलं असतं. इथे बाजूच नव्हती.

तेवढ्यात पुढून उलटं कुणीतरी येताना दिसलं. सीटांच्या पाठींवरून, आर्मरेस्टवर पाय देत, लोकांच्या डोक्यांना लागत. कोण हा मूर्ख, म्हणून मी खेकसणार, तोच त्यानं माझं मनगट धरलं.

"आई, चल!"

कैवल्य होता तो.

शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

घसरगुंडीच्या पायथ्याशी तो बसला होता. कोपर सोललं होतं. मी शेजारी बसले.

"मी का वळलो?" तो म्हणाला. "मला माहीत होतं दिवे खोटे आहेत. तू मागे आहेस आणि ठणठणीत आहेस, तेही माहीत होतं. दारापर्यंत पोहोचलो होतो आई. तरी पाय वळले."

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगरबत्ती गेली खड्ड्यात, पण माझा मुलगा माझ्यासाठी परत आला होता. दिवसभर मी वरवर चिडचिड केली आणि आतून सुखानं फुगले होते.

* * *

कैवल्य पंधरा दिवस ठिपक्यांना नाती जोडत बसला. कोण कुणासाठी वळतं, किती वळतं, हे कॅमेऱ्यांतून मोजलं. मग एक दिवस ऑफिसातून थेट माझ्या खोलीत आला.

"लोक मागच्यासाठी वळतात. बरोबर? मग ज्याच्यासाठी वळायचं ते माणूस पुढेच बसवायचं. पंगतीत बसवतो तसं. थोरली माणसं दाराकडे, धाकटी त्यांच्या मागे. आत्या पुढे दिसतेय म्हटल्यावर माधोराव कशाला वळतील?"

मला पटलं. मॅडमना तर फारच पटलं, कारण त्यात एकही सीट कमी होत नव्हती.

तालीम पुन्हा लागली. काळमेघ मंडळी पुन्हा आली, या वेळी नवरदेवाकडचीही आली. अंबुआत्या दुसऱ्या ओळीत ऐटीत बसल्या होत्या. मी पाचव्या ओळीत, कैवल्य माझ्या बऱ्याच मागे.

दिवे गेले. ऋजुतानं आवाज दिला. अंबुआत्यांनी पदर खोचला आणि एखाद्या पोरीसारखी उडी मारली. ओळी भराभर रिकाम्या होत होत्या. मागून माधोरावांचा आवाज येत होता, "चला चला, आत्या गेली, चला!" सगळं जमून आलं होतं. मी दाराशी पोहोचले. पुढे घसरगुंडी, तिच्या तळाशी हँगरचा उजेड.

तीस वर्षं मी हजारो मुलींना एकच वाक्य शिकवलं होतं. उडी मारा, मागे बघू नका. झोपेतसुद्धा मी ते म्हणते असं माझी बहीण सांगते.

आणि मी मागे बघितलं.

कैवल्य आत होता. अंधारात, धुरात. धूर तालमीचा, गुलाबपाण्याच्या वासाचा, पण तो आत होता आणि मी बाहेर निघाले होते. माझे पाय दाराच्या उंबऱ्याला खिळले. मागून लोक येऊन अंगावर आदळत होते. ऋजुता कानात ओरडत होती, "मॅम, उडी! मॅम!" मला सगळं ऐकू येत होतं. मला नियम पाठ होता, नियम माझाच होता. पण लेकराला मागे ठेवून पुढे जायचं, हे पायांना कोण सांगणार?

शेवटी ऋजुतानं मला पाठीत दोन्ही हातांनी ढकललं. मीच शिकवलं होतं तिला ते.

नव्वद सेकंदांच्या वर सात गेले. ते सात माझ्या दारातले. मी एकटीच असते तर लाजेनं मेले असते, पण कॅमेऱ्यांत दिसलं की तिन्ही दारांत मिळून अकरा बाया अशाच थांबल्या होत्या. अंबुआत्या थांबल्या नव्हत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. बाप मंडळीही थांबली होती, पण बापांनी दाराला टेकून, काहीतरी शोधत असल्याचा आव आणला होता.

संध्याकाळी कैवल्यनं ती चित्रफीत मला दाखवली. दारातली ती बाई, मान पूर्ण मागे वळलेली.

"तू वळलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी लहान असताना गॅलरीतून दर वेळी मनात म्हणायचो, आज तरी वळेल. कधी वळली नाहीस तू."

 मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तीस वर्षांचा घोडा, पण त्यानं फिरवू दिला.

* * *

"पुढे बसवलं तरी थांबतात, मागे बसवलं तरी थांबतात," कैवल्य बैठकीत म्हणाला. "ज्यांचं नातं आहे त्यांना एका ओळीत बसवायला हवं आणि हात धरून एकदमच बाहेर पडू द्यायला हवं. ठिपके जोडीनं चालवून बघितले. नव्वदच्या आत येतात, अगदी आरामात. फक्त त्यासाठी दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट लागते. आत्ताची वाट एकाची आहे."

"आणि जागा कुठून आणायची?" मॅडमनी विचारलं.

"प्रत्येक ओळीतली एक सीट काढायची. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन."

 ओळीतली एक सीट म्हणजे विमानाचा सहावा हिस्सा.

राजवाडे मॅडम वाईट बाई नव्हत्या. कारखान्यातल्या प्रत्येक शिफ्टच्या मुकादमाला त्या नावानं ओळखायच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सीट कमी झाली की तिकीट चढतं. तिकीट चढलं की तुमच्या अंबुआत्या विमानात बसतच नाहीत. त्या नव्वद सेकंदांसाठी, जे बहुधा कधी येणारच नाहीत, तुम्ही त्यांचा अख्खा प्रवास काढून घेताय. आणि इथे चार हजार घरं या विमानावर चालतात. त्यांच्या आया तुम्ही मोजल्यात का?"

 याचं पूर्ण उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही.

"अनोळखी माणसं घेऊन मी काल तालीम करून घेतली," त्या पुढे म्हणाल्या. "सगळे वेळेत बाहेर. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की चाचणीला कुटुंबं हवीत. दोन्ही तालमींत मायलेक बसले होते, ते आकडे बाद धरू. शैलजाताई, तुम्ही सही करा आणि विषय संपवू."

"मायलेक बाद धरा," कैवल्य म्हणाला. "पण मग तिकिटावर छापाल का, की या विमानात मायलेकांनी बसू नये?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "कैवल्य, प्रणाली तुझ्या नावावर आहे म्हणून तू इथे बसलायस. ते नाव बदलता येतं."

बैठक मोडली. सही दुसऱ्या दिवशी सकाळी हवी होती.

पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. मी ठरवून टाकलं होतं. "मी सही करते," मी म्हटलं. "ऐक माझं. पुढच्या विमानात सुधारतील ते. आत्ता अडून बसलास तर काढून टाकतील तुला. या देशात विमानं बनवणारी दुसरी कंपनी आहे कुठे? इतकी वर्षं शिकलास ते काय यासाठी?"

"दारात तू का थांबलीस?"

"ते वेगळं होतं रे."

"वेगळं काय? मी आत होतो म्हणून थांबलीस. आता मी बाहेर आहे म्हणून निघून जाणार? आत दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा असेल." त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला.  "थांबलीस ना आई? मग इथेही थांब."

मी त्याच्यावर भडकले. तुला काय कळतं, आईच्या पोटात काय होतं ते, असं खूप काही बोलले.  तो फक्त मान हलवून नाही म्हणत होता. माझ्यावर गेलाय मेला.

सकाळी मी सही केली नाही. कागदावर एवढंच लिहिलं की कुटुंबांसह घेतलेल्या दोन्ही तालमींत विमान वेळेत रिकामं झालं नाही, आणि तसाच तो कागद नियामकांकडे जाऊ दिला. तो माझा अधिकार होता.

* * *

कैवल्यला कुणी काढलं नाही. त्याला काम द्यायचं बंद केलं, एवढंच. रोज जायचा, बसायचा, यायचा. पडदा असायचा, ठिपके नसायचे. मला घरी बसवलं, त्याचं काही नाही, माझं वय झालंच होतं. पण माझं पोर पोह्यांवर लिंबू पिळायचं विसरायला लागलं. आठ महिन्यांनी टोरांटोच्या एका कंपनीनं बोलावलं, रेल्वे स्थानकांच्या गर्दीचं गणित करायला. तो गेला. विमानतळावर या वेळी मी उभी होते आणि तो चालत गेला. दोनदा वळला. तिसऱ्यांदाही वळला, तेव्हा मी हातानंच हाकललं, जा रे आता.

इकडे नियामकांनी वेळ घेतला, पण नियम काढला. लांब पल्ल्याच्या, एका वाटेच्या विमानांची चाचणी कुटुंबांसह. अगरबत्ती दीड वर्ष हँगरमध्ये उभी राहिली. काही शिफ्ट बंद झाल्या, आणि त्या घरांची नावं मला माहीत आहेत. रस्त्यात कुणी भेटलं तर मी नजर चुकवत नाही. शेवटी वैनतेयनं ओळीतली एक सीट काढली. तिकिटं थोडी चढली. थोडीच, पण चढली. अगरबत्ती उडाली.

परवा मी तिच्यात बसले. नागपूर ते टोरांटो, तिकीट कैवल्यनं काढलेलं.

आत पाय ठेवला आणि वाटेतच उभी राहिले. बाहेरून धाकटीच ती, पण आत वाट कशी ऐसपैस. एक म्हातारं जोडपं सबंध प्रवासभर हातात हात घालून त्या वाटेवर फेऱ्या मारत होतं, संध्याकाळी बागेत माराव्यात तशा. समोरून ट्रॉली आली की दोघं पुढे-मागे होत, पण त्यांना हात सोडावा लागत नव्हता.

माझ्या शेजारचा तरुण वैतागला होता. "काय जागा वाया घालवलीय बघा, आंटी. इथे आणखी एक सीट आरामात बसली असती. तिकीट तरी स्वस्त झालं असतं."

"बसली असती की," मी म्हटलं. "आता तिथे माझ्या मुलाची नोकरी बसलीय."

त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. त्यानं कानात गाणी घातली.

विमान उतरलं. थांबायच्या आधीच सगळे उभे राहिले, ते काही कुठलं विमान बदलू शकत नाही. वाटेत गर्दी झाली. पुढे एक बाई आपल्या मुलीचा हात धरून चालत होती, दोघी शेजारी-शेजारी. म्हातारं जोडपंही तसंच. माझ्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती आणि मी एकटीच तिथून चालत होते.

दाराशी आले तसे पाय सवयीनं अडखळले. मान वळायला लागली. त्या तालमीपासून ही खोडच लागलीय, कुठल्याही दारात मी मागे बघते.

आणि लक्षात आलं, मागे कुणीच नाहीये माझं. तो पुढे आहे, काचेच्या त्या भिंतीपलीकडे, हातात चहाचा कप घेऊन उभा असणार.

"मॅम, प्लीज," दारातली मुलगी म्हणाली.

"हो गं, निघाले," मी म्हटलं आणि उंबरा ओलांडला.